सतरावीचे एक मिनिट अकरा सेकंद

दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणे सोपे आहे. ते बोट नेमक्या जागी ठेवणे अवघड आहे. फोडावर ठेवायचे बोट शेजारच्या निरोगी कातडीवर पडले, तर फोड तसाच राहतो आणि कातडी मात्र सोलवटते. ही गोष्ट अशाच एका बोटाची आहे. ते बोट प्रेमाचे होते, अनुभवाचे होते, एकतीस वर्षे आजाऱ्यांच्या तापल्या कपाळांवरून फिरलेले होते, आणि तरीही ते चुकले. देव ज्याला माया देतो त्याला नेमकेपण देतोच असे नाही. हे सोसायला कठीण आहे. पण आहे हे असे आहे.

त्यांना सगळे 'बाई' म्हणत. रुग्णालयात मुख्य परिचारिका म्हणून त्यांनी आयुष्य काढले. मग गुडघ्यांनी साथ सोडली, जिन्यांनी हात टेकायला लावले, आणि बाई निवृत्त झाल्या. रुग्णालयाला लागूनच परिचारिकांचे प्रशिक्षण केंद्र होते. तिथल्या प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितले, "बाई, पाय नाहीत तर नाहीत. तुमचे डोळे आम्हाला द्या."

काम असे होते. केंद्रात एक छोटी खोली होती. तिच्यात दोन खुर्च्या, मध्ये एक टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर घड्याळ आणि छताला कॅमेरा. एका खुर्चीत शिकाऊ मुलगी बसे. दुसरीत रोजंदारीवर आणलेली एखादी नटी, कधी रुग्णाची आई होऊन, कधी बायको होऊन, कधी मुलगी होऊन. शिकाऊ मुलीने तिला वाईट बातमी सांगायची. तुमचे वडील गेले. तुमच्या मुलाचा पाय काढावा लागेल. एवढेच सांगायचे, पण एवढेच सांगता येणे म्हणजे काय, हे ज्याला कधी सांगावे लागले आहे त्यालाच ठाऊक. बाईंनी ते रेकॉर्डिंग पाहायचे आणि शेरे लिहायचे. प्रत्येक शेऱ्याला वेळ जोडायची : इतकी मिनिटे, इतके सेकंद. मुलगी नंतर आपले रेकॉर्डिंग लावून बसली, की ती ती वेळ येताच बाईंचा शेरा पडद्यावर उमटे. मुलीने 'समजले' असे लिहिलेले बटण दाबायचे. तेच शेरे पुढे एका संशोधनातही जायचे. माणसाला दुःख सांगायला शिकवता येते का, असा त्या संशोधनाचा विषय होता.

बाईंची जागा मात्र वरच्याच मजल्यावर, चादरींच्या जुन्या कोठीत होती; दिवसातून एकदाच चढायचे, म्हणून त्यांनी ते सोसले. एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे पाहणारी. खुर्चीवर वहिनींनी शिवलेली गादी. वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची विधवा; शिवणकाम करणारी, कानांनी जड, जिभेने तिखट. दोघी म्हाताऱ्या एका घरात राहत, आणि एकमेकींशिवाय त्यांचे पान हलत नसे.

"वन्सं, आज किती पोरींना रडवलंत?" बाई घरी आल्या की वहिनी विचारत.

"तीन. आणि रडवत नाही मी, शिकवते."

"तेच ते. माझ्या सासूबाईपण हेच म्हणायच्या."

बाईंच्या लिहिण्याची एक रीत होती, आणि त्या रीतीचा त्यांना थोडा अभिमानही होता. त्या कृतीचे वर्णन कधी करत नसत. 'तू आता मान वळवलीस' किंवा 'तू हात मागे घेतलास' असे त्या लिहीत नसत. "वेळ लिहिली आहे ना? मग सेकंदच बोट दाखवतो. मी शब्द कशाला उधळू?" म्हणून त्यांचे शेरे आखूड आणि धारदार असत. 'हे मोड.' 'हे जप.' 'हे कोणाकडून उचललेस? परत दे त्याला.' मुली ते शेरे एकमेकींना वाचून दाखवत, हसत, आणि शिकतही.

नियम मात्र कडक होते. परीक्षकाने मुलींना भेटायचे नाही. मुलींनी परीक्षकाला प्रश्न विचारायचा नाही. बाईंनी मुलींची नावेही टिपून ठेवायची नव्हती. प्रत्येकीला क्रमांक होता. रेकॉर्डिंगच्या आरंभी प्रत्येक मुलगी कॅमेऱ्याकडे वर पाहून नाव, क्रमांक आणि तारीख सांगे. बाईंनी तेवढ्यात पडद्यावरची तारीख ताडून घ्यायची. दहा-बारा सेकंदांचे काम, आणि सगळ्यांचे सारखेच. म्हणून तो भाग बाई आवाज बंद करून चौपट वेगाने पुढे पळवत. कोण नाही पळवणार? देवळाच्या दारातली पाटी कोणी रोज वाचत नाही.

अशात एके दिवशी सतरावी आली.

सतरा क्रमांकाची मुलगी अशी, की नाव सांगतानाच जिची जीभ अडखळे. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ओठ हलवले, थांबली, पाणी प्यायली, पुन्हा उभी राहिली. नेहमीच्या पळत्या वेगातही बाईंना तो भाग लांबल्यासारखा वाटला. कॅमेरा छताला असल्याने मुली त्यांना वरूनच दिसत. सतरावीचा भांग वाकडा होता, आणि टेबलावर ठेवलेल्या हातांची नखे बारीक कापलेली होती. बाईंना ती आवडली. नखांवरून माणूस ओळखू येतो, हे त्यांचे वॉर्डातले मत.

पाच मिनिटे तीन सेकंद. सतरावीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बातमी अजून द्यायची होती, आणि नजर घड्याळाकडे. बाईंनी लिहिले : 'हे मोड. समोरच्याला वाटते, तू केव्हा एकदा सुटतेस.'

मग सतरावीने बातमी दिली. तीन शब्द : "तुमचे वडील गेले." आणि सहा मिनिटे चौदा सेकंद झाले, तेव्हा ती गप्प झाली.

गप्प कितीतरी जणी होतात. कोणी घाबरून होते, कोणी पुढचे वाक्य विसरून होते. ही तशी नव्हती. हिने नजर काढली नाही. हिने खुर्ची बोटभर पुढे सरकवली. हिने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. धरला नाही, लोटला नाही, नुसता ठेवला, जसे कोणी दार उघडून बाजूला उभे राहावे. एक सेकंद, दोन, पाच, दहा. समोरची नटी अकरा वर्षे पैसे घेऊन रडत होती. तिला पुढचे वाक्य पाठ होते. ते वाक्य तिने म्हटलेच नाही. बाराव्या सेकंदाला तिचे खांदे हलले, आणि चौदाव्याला ती खरोखर रडू लागली. एकोणीस सेकंद ती पोर गप्प होती, आणि त्या एकोणीस सेकंदांत खोलीत दुःखाला बसायला जागा झाली.

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा भाऊ गेला, तेव्हा ज्या माणसाने ती बातमी सांगितली, तो बोलतच राहिला होता. रक्तदाब, औषधे, किती वाजता काय केले. त्या साऱ्यातले एक अक्षरही आज वहिनींना आठवत नव्हते, बाईंना आठवत नव्हते. आठवत होता तो फक्त त्याच्या हातातल्या पेनाचा खटका, उघड-मीट, उघड-मीट. आणि बाई स्वतः? एकतीस वर्षांत त्यांना अशी शांतता किती वेळा साधली? एका हाताच्या बोटांवर मोजावी इतक्या वेळा. आणि ही कालची पोर जन्मतःच ती घेऊन आली होती, न शिकता, न मागता, प्रसादासारखी.

त्यांनी लिहिले : 'हे सोडू नकोस. कोणी काही म्हणो, मरेपर्यंत सोडू नकोस.'

पुढे सात मिनिटे पंचवीस सेकंदांना सतरावी कागद गोळा करता करता म्हणाली, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." बाप मेलेल्या बाईला सगळे ठीक होईल म्हणणे ही चूकच. पण बाईंनी ती सोडून दिली. पहिलाच दिवस आहे. एका दिवसात सगळे झोडपू नये. त्या दिवशी घरी गेल्यावर त्या वहिनींना म्हणाल्या, "वहिनी, आज एक पोर पाहिली. हिच्या हाती माणूस मेला, तरी त्याच्या घरच्यांचं बरं होईल."

"कोण मेलं?" वहिनींनी हात कानामागे नेला.

"कोणी नाही. सोंग होतं."

"मग रडताय कशाला? वेळ लिहून ठेवा तुमच्या वहीत. मी पहिल्यांदा पाहतेय हे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाहिले, तर सतरावीच्या प्रत्येक शेऱ्यापुढे 'समजले' उमटले होते. त्यांना समाधान वाटले.

तीन आठवड्यांनी सतरावीचे दुसरे रेकॉर्डिंग आले, आणि बाईंना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने घड्याळाकडे पाहिले. एकदा नाही, दोनदा. बातमी दिली, आणि श्वास घेण्याआधी बोलू लागली. हात मांडीत लपवलेले. खुर्ची जिथल्या तिथे. आणि शेवटी, जणू कोणी बक्षीस लावले असावे अशा उत्साहाने : "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." जे मोड म्हटले ते तिने ठेवले होते, आणि जे ठेव म्हटले ते मोडले होते.

बाई दुखावल्या. ज्याच्यावर जीव लावावा त्याने पाठ फिरवली की शब्द कडवट होतात. त्यांनी लिहिले : 'पुन्हा तेच?' त्यांनी लिहिले : 'मागच्या वेळी काय सांगितले होते?' त्यांनी लिहिले : 'पालथ्या घड्यावर पाणी.' आणि या प्रत्येकापुढेही दुसऱ्या दिवशी 'समजले' उमटले.

तिसरे रेकॉर्डिंग परीक्षेचे होते. या वेळी नाव सांगण्याचा भाग आणखी लांबला. पळत्या, मुक्या चित्रात सतरावी वर कॅमेऱ्याकडे पाहत उभी होती, ओठ हलत होते, हात जोडल्यासारखे वाटत होते. बाईंना वाटले, परीक्षेची भीती. त्यांनी तारीख ताडली आणि भाग पुढे पळवला. त्यानंतरच्या नऊ मिनिटांत सतरावीने एकही क्षण रिकामा ठेवला नाही. 'सगळं ठीक होईल' ती चार वेळा म्हणाली. नटीने ठरल्याप्रमाणे रडून दाखवले, आणि ठरलेल्या वेळी डोळे पुसले.

बाईंनी शेवटच्या रकान्यात लिहिले : 'रुग्णांशी व नातेवाइकांशी बोलण्याच्या कामास योग्य नाही.' आणि सही केली. लिहिताना त्यांना ते पहिले एकोणीस सेकंद आठवले. पण खोटे लिहायचा त्यांचा हात नव्हता.

निकाल लागला. मुली पांगल्या. चार महिने गेले. मग एक दिवस चादरींच्या कोठीत आकडेवाली आली. संशोधनाची सारी गणिते हिच्याकडे होती. उंच, सडपातळ, बोलताना सतत टक्केवारीत शिरणारी बाई. केंद्रात तिला हेच नाव पडले होते, आणि तिलाही ते ठाऊक होते.

"बाई, प्रत्येक रेकॉर्डिंग दोन परीक्षकांनी पाहिलंय. तुम्ही आणि दुसऱ्या गावच्या एक; त्यांचे शेरे फक्त संशोधनाला, मुलींना दिसत नाहीत. तुमचं दोघींचं इतकं जुळतंय की मला संशय आला, फोनवर बोलता की काय. फक्त सतरा क्रमांक सोडून. तिथे तर काहीच जुळत नाही. जणू तुम्ही दोघींनी दोन वेगळ्या मुली पाहिल्यात."

"त्यांना कळलं नसेल."

"असेल. म्हणून तर तुमच्यासमोर लावते."

तिने आपल्या संगणकावर पहिले रेकॉर्डिंग लावले. सतरावी आली ती थेट खुर्चीत बसलेलीच. बाई म्हणाल्या, "सुरुवात कुठे गेली?"

"नाव असतं ना त्यात. संशोधनात नाव नको, म्हणून ऑफिस तेवढा भाग कापतं. दुसऱ्या परीक्षकांना कापलेलं जातं. मुलींनाही कापलेलंच. पूर्ण फक्त तुमच्याकडे यायचं, तारखेसाठी."

"आणि माझे शेरे?"

"ते आहेत तिथेच आहेत. ते कशाला हलतील?"

पडद्यावर सतरावीने घड्याळाकडे पाहिले. तीन मिनिटे बावन्न सेकंद. काही उमटले नाही. चित्र पुढे सरकत राहिले. सतरावीने तीन शब्द उच्चारले. ती गप्प झाली. खुर्ची बोटभर पुढे सरकली, हात टेबलावर उताणा पडला. पाच मिनिटे तीन सेकंद. त्या उताण्या हातावर, त्या उघड्या दारावर, बाईंचा शेरा येऊन पडला :

'हे मोड. समोरच्याला वाटते, तू केव्हा एकदा सुटतेस.'

बाईंनी टेबलाची कड धरली. चित्र पुढे चालले. सतरावी कागद गोळा करू लागली, म्हणाली, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." सहा मिनिटे चौदा सेकंद :

'हे सोडू नकोस. कोणी काही म्हणो, मरेपर्यंत सोडू नकोस.'

"बंद कर," बाई म्हणाल्या.

आकडेवालीने ऑफिसच्या कापणीच्या नोंदीवरून गणित मांडले. इतर मुलींचा कापलेला भाग दहा-बारा सेकंदांचा. शेरा दहा सेकंद उशिरा पडला तरी माणूस समजून घेतो. हिचा एक मिनिट अकरा सेकंदांचा. नाव सांगताना जीभ अडली, पाणी प्यायली, पुन्हा उभी राहिली. तेवढे सारे कापले गेले, शेऱ्यांच्या वेळा मात्र जुन्याच राहिल्या, आणि तेवढाच प्रत्येक शेरा घसरला. तिच्या लाजेएवढे ते अंतर होते.

"पण बाई, तुम्ही कृती लिहिली असतीत, नुसतं 'घड्याळाकडे पाहिलंस' असं, तर तिला कळलं असतं," आकडेवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देणे नव्हते, म्हणून ते अधिक लागले.

"हो," बाई म्हणाल्या.

"आता काळजी नको. सतरा क्रमांक आपण वगळू. एक तळटीप टाकली की झालं. बाकीच्यांवर काही परिणाम नाही."

"वगळू," बाईंनी शब्द नुसता उच्चारून पाहिला.

त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य भले होते. उभे राहिले, खुर्ची दिली, सारे ऐकले, आणि खरोखर हळहळले. "बाई, निकालावर सह्या झाल्या. फेरतपासणीची मुदत साठ दिवसांची होती. ती मुलगी रुग्णालयाच्या हत्यारखोलीत लागली आहे. तिने नव्याने अर्ज केला, तर पुढच्या तुकडीत घेऊ. मी स्वतः घेईन. पण अर्ज तिनेच करायला हवा."

"मी तिला सांगते."

"तुम्ही भेटलात, तर परीक्षक राहता येणार नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे, सर."

हत्यारखोली तळघरात होती. शस्त्रक्रियेची वापरलेली हत्यारे तिथे येत, धुतली जात, मोजून कापडात बांधली जात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात शिरत. खोलीत पाच-सहा जणी होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, तोंडावर फडकी. वाकडा भांग शोधत आलेल्या बाई दारातच अडल्या. नाव त्यांना ठाऊक नव्हते.

"सतरा क्रमांक कुठे आहे?" त्यांनी विचारले.

एकीने मुकाट्याने कपाटाकडे बोट दाखवले. "ते. पण त्याला चावी नाही."

मग कोपऱ्यातली एक कात्र्या मोजता मोजता थांबली. "मी होते सतरा," ती म्हणाली. "बाई ना तुम्ही? तुम्ही कशाला आलात, बसा, इथे स्टूल आहे, ते हलतं जरा, हे घ्या, पाणी देऊ का, वाफेनं गरम होतं इथे, पण सवय होते, सगळं ठीक असतं." ती बोलत राहिली. बाई ऐकत राहिल्या. तिचे हात तेच होते, नखे तशीच बारीक कापलेली.

बाईंनी तिला सांगितले. या वेळी त्यांनी काहीही आखूड ठेवले नाही. घड्याळाची नजर, ती शांतता, तो हात, तो कापलेला भाग, ते घसरलेले शेरे, सारे नाव घेऊन सांगितले. वाफेचे यंत्र घरघरत होते म्हणून काही वाक्ये दोनदा सांगावी लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "चूक माझी होती, पोरी. तुझी नव्हती. तुझ्याकडे जे होतं ते मी उभ्या जन्मात कोणाकडे पाहिलं नाही."

सतरावीने कात्र्यांचा जुडगा कापडावर ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"कधी?"

"तिसऱ्या वेळी. सुरुवातीला. नाव सांगतानाचं फक्त तुम्हीच पाहता, असं मुली म्हणायच्या. म्हणून मी तिथेच विचारलं. म्हटलं, बाई, पाच मिनिटं तीन सेकंदाचं मला कळलं नाही. गप्प राहिलं की त्यांना बरं वाटतंय असं मला वाटलं होतं. मग हे खरंच मोडू का? एकदाच सांगा. खूप वेळ लागला मला म्हणायला. तुम्हाला ठाऊकच आहे माझं बोलणं." ती थोडी हसली. "नंतर शेऱ्यांत उत्तर शोधलं. 'पालथ्या घड्यावर पाणी' हे आधीच्याच वेळेचं होतं, पण मी म्हटलं, हेच असेल उत्तर."

बाईंना सांगायचे होते, की आवाज बंद होता. की मी तुला चौपट वेगाने पळवले. सगळ्या केंद्रात, साऱ्या नियमांत एकच फट होती जिथून शिष्याचा आवाज गुरूपर्यंत पोचला असता, आणि त्या फटीशी बसून मीच कान बंद करून घेतले होते. त्यांनी ते सांगितले. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. तेवढी शिक्षा तरी त्यांनी स्वतःला दिली.

"बरं," सतरावी म्हणाली.

"अर्ज कर. पुढच्या तुकडीत घेतो म्हणालेत सर. कोरा अर्ज आणलाय मी."

सतरावीने कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि परत दिला. "नको, बाई."

"राग आहे?"

"नाही हो. रागावून काय करू? मला खरंच येत नाही आता. मागे शेजारच्या काकूंचा भाऊ गेला, निरोप मीच घेऊन गेले. बोलत सुटले. काकूंनी माझ्यासमोर दार लावलं. आता तुम्ही सांगितलंत की गप्प राहायचं. राहीन. पण आता मी गप्प बसले, की आतून कोणीतरी मोजत बसणार. एक, दोन, तीन. एकोणीस होईपर्यंत. तेव्हा मला माहीतच नव्हतं की मी गप्प आहे." तिने कात्र्यांचा जुडगा पुन्हा जवळ ओढला. "इथे बरं आहे. कात्र्यांना काही सांगावं लागत नाही."

"शिकता येतं पुन्हा. मी शिकवीन."

"तुम्ही?" सतरावीने विचारले. त्यात टोमणा नव्हता. पण प्रश्न खरा होता.

वरून हत्यारांची नवी गाडी आली. सतरावी उठली. जाताना म्हणाली, "बाई, जिना जपून चढा. कठडा उजवीकडे आहे."

बाईंनी त्या दिवशी प्राचार्यांना भेटीची कबुली दिली आणि एक विनंती केली : फाइलीत खरे काय ते लिहून ठेवू द्या. प्राचार्य म्हणाले, "जोडपत्र लावता येईल. निकाल बदलणार नाही, आणि खरं सांगायचं तर जोडपत्रं कोणी वाचत नाही." बाईंनी तरीही लिहिले, तीन पाने, एकेक कृती नाव घेऊन, एकेक सेकंद जागेवर ठेवून. मूळ रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी पुसले गेले होते, आणि कापलेले पाहायचा अधिकार आता त्यांना नव्हता, म्हणून ते सारे त्यांना आठवणीवरून लिहावे लागले. कारकुनाने त्याला भोक पाडून ते फाइलीच्या मागे ओवले.

"काय लिहिलंत एवढं?" घरी वहिनींनी विचारले.

"त्या पोरीची चूक नव्हती, असं."

"तिनं वाचलं?"

"नाही."

"मग कोण वाचणार?"

बाईंनी उत्तर दिले नाही. वहिनींना वाटले, आपल्याला ऐकू आले नाही. त्यांनी हात कानामागे नेला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग शिवण पुन्हा मांडीवर घेतले.

पुढच्या महिन्यात बाई कोठीची चावी परत करायला केंद्रात गेल्या. नवी तुकडी आली होती. शेरे अजून जिथे होते तिथेच राहत, भाग अजून कापला जाई. संगणकाची ती व्यवस्था बदलणे कोणाच्या हातात नव्हते. मात्र प्राचार्यांनी रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर एक सूचना लावून घेतली होती : 'नाव, क्रमांक व तारीख दहा सेकंदांत सांगावी.' त्या सूचनेखाली एक मुलगी उभी होती. हातात घड्याळ धरून ती ओठांतल्या ओठांत आपले नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती, दर वेळी थोडे आणखी भरभर. बाई जिन्याशी थांबल्या. त्यांना तिला काही सांगावेसे वाटले. पण आता तो अधिकार त्यांचा नव्हता, आणि नेमके काय सांगावे हेही त्यांना उमगेना. मुलीने बारा सेकंद घेतले, मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.